गाडी कुठं उभी होती

रविवार, २७ ऑगस्ट २०१७

शेवटी आज यंत्र बसलं. तीन महिने नानाजींच्या मागे फिरले तेव्हा कुठे. गावच्या सहकारी सोसायटीचे अध्यक्ष झाले म्हणून काय माणसाला तीन महिने "पाहू, पाहू" म्हणत झुलवायचं? गावापासून पुसदचा दवाखाना अडतीस किलोमीटर, मध्ये घाट, मोबाइलला रेंज असली तर असली. रुग्णांसाठी सोसायटीची एकच जुनी जीप. ती फाटकातून बाहेर पडली की कुठे आहे ते देवालाही ठाऊक नसतं, आणि देव आम्ही मानत नाही. मागच्या साली एक बाळंतीण घाटात अडकली तेव्हा दोन तास सगळे नुसते रस्त्याकडे बघत उभे होतो. तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं.

काम तसं साधं आहे. जीपमध्ये छोटा वायरलेस सेट आणि समोरच्या काचेशी काडेपेटीएवढी एक डबी. डबी उपग्रहांकडून आपली जागा काढते, सेट ते आकडे एका संदेशात बांधून हवेत सोडतो. गावच्या टेकडीवर पाण्याच्या टाकीवर माझा दुसरा सेट आहे, तो ऐकलेलं पुन्हा मोठ्यानं सांगतो. माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर नकाशात टिपका सरकतो आणि प्रत्येक संदेश वेळेसकट फाइलीत उतरतो. आम्ही हॅम लोक, म्हणजे हौशी रेडिओवाले, अशा संदेशाला पॅकेट म्हणतो. इंटरनेट नको, कंपनी नको, कुणाची मेहरबानी नको. परवाना माझ्या नावाचा, नागपूरला परीक्षा देऊन मिळवलेला. मी गाडीत नसताना तो असा वापरणं नियमात कितपत बसतं ते मी कुणाला विचारलेलं नाही. विचारलं तर नाही म्हणतील.

ड्रायव्हर बादल राठोड, शेजारच्या तांड्यावरचा. वायरी धरून उभा होता. म्हणाला, "बाई, हे मले पाहून राह्यलं काय?"

"तुला नाही रे. गाडीला."

"गाडी तं मीच चालवतो."

हसून म्हणाला, पण मला ते आवडलं नाही. कर नाही त्याला डर कशाला?

गुरुवार, ३१ ऑगस्ट

डोकं तापलंय. बादल काल एका म्हातारीला पुसदला घेऊन गेला. घाटात दोन्ही बाजूंना कडे आणि वरून झाडी, डबीला उपग्रह दिसले नाहीत आणि टिपका दहा मिनिटं नाहीसा झाला. एवढंच. आज सोसायटीत नानाजी सगळ्यांदेखत म्हणतात, "मास्तरीनबाई, तुमची गाडी घाटात सर्गात गेलती काय?" सगळे फिदीफिदी हसले. ज्यांना रेडिओची बॅटरी बदलता येत नाही ते हसले.

घरी येऊन यंत्राची सगळी सेटिंग उघडली. त्यात एक चौकट आहे: उपग्रह हरवले तरी शेवटची ठाऊक असलेली जागा पाठवत राहा. तिथे खूण केली, संध्याकाळी जाऊन यंत्रात भरली. आता टिपका गायब व्हायचा नाही. हसा म्हणावं.

शुक्रवार, ८ सप्टेंबर

शाळेत जाताना उकंडादादा भेटला. माझा चुलतभाऊ. लहानपणी ह्याच्याच खांद्यावर बसून मी सायफन बघायला धरणावर गेले होते. सहा दिवसांपासून नानाजींच्या वावरात कपाशीवर कीटकनाशकाच्या फवारणीला आहे. डोळे लालबुंद.

"औंदा पराटी डोक्याच्या वर गेली, साधना. फवारा वर मारा लागते, तोंडावरच येते सारा."

"रुमाल बांध ना तोंडाला."

"बांधतो न. थोच वला होते, मंग दिवसभर थोच हुंगत राह्यतो."

मी म्हटलं, नानाजींना सांग, मास्क आणून दे म्हणावं. तो नुसता हसला. पहिली घंटा झाली होती, निघाले.

गुरुवार, १४ सप्टेंबर, सायंकाळ

आज उद्घाटन झालं. झालं एकदाचं.

तालुक्याचे साहेब अकराला येणार होते. नऊ वाजल्यापासून जीप धुऊन, झेंडूचे हार घालून सोसायटीच्या आवारात उभी, यंत्र चालू राहावं म्हणून किल्ली फिरवून ठेवलेली. मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की गाडी इथून हलता कामा नये. साहेबांसमोर फाटकातून निघून शाळेपर्यंत जाईल आणि टिपका पडद्यावर सरकेल, असं ठरलं होतं. साहेब अकराचे बारा, बाराचे दोन. पुरी आणि आलू-वांग्याची भाजी गार झाली. दीडच्या सुमाराला आम्ही जेवून घेतलं. नानाजींच्या वावरातली सोनीबाई दोनदा फाटकाशी आली. तिसऱ्यांदाही आली असेल, मी पडद्याची वायर बघत होते. दोन्ही वेळा नानाजी स्वतः उठून गेले आणि बोलून आले. मी विचारलं तर म्हणाले, "काई नाई, मजुरायचं. कारेक्रम होऊ द्या." ह्यांच्या मजुरांना पण नेमका आजचाच दिवस सापडतो.

साडेतीनला साहेब आले. बादलनं गाडी नेली-आणली, टिपका सरकला, टाळ्या पडल्या. नानाजींनी भाषणात माझं नाव घेतलं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

चार वीसला हार तसेच ठेवून गाडी निघाली. फवारणीचा कुणी पेशंट आहे म्हणे. पहिली खरी फेरी! मी धावत घरी येऊन पडद्यासमोर बसले. चार बेचाळीसला टिपका घाटाखालच्या ढाब्यावर थांबला. पाच वाजले, तिथेच. पाच दहा, तिथेच. बादलचा फोन लागेना. पाच बावीसपर्यंत तिथेच! मग संदेशच बंद. घाट अधूनमधून संदेश गिळतो, ते ठाऊक आहे मला. सहा दहाला एकदम दवाखान्याच्या दारात.

चाळीस मिनिटं ढाब्यावर. मागे माणूस तडफडतोय आणि हा चहा पितोय.

आत्ताच शेजारचे सांगून गेले. गाडीत उकंडादादा होता.

शुक्रवार, १५ सप्टेंबर

सकाळी नऊला दादा गेला.

पंचफुलावहिनी तिच्या माहेरी निंदणाला गेली होती, ती एसटीनं थेट दवाखान्यात आली. तिला शेवटचा शब्दही मिळाला नाही. डॉक्टर तरुण होता, रात्रभर जागा होता बिचारा. म्हणाला, दोन-चार तास आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. मी तिथेच भिंतीला डोकं टेकलं. माझ्याकडे त्या वेळेचा मिनिटामिनिटाचा हिशोब आहे. चाळीस मिनिटं.

नानाजी दवाखान्यात आले होते. वहिनीच्या हातात हात देऊन म्हणाले, "मायी गाडी तं ताबडतोब देल्ली, पोरी." एवढा मोठा माणूस, पण आला. तो बादल मात्र कोपऱ्यात उभा होता, मान वर करून बघेना.

रविवार, १७ सप्टेंबर

आज बादलला गाठलं. सोसायटीच्या टाक्याशी जीप धूत होता. मी कागद त्याच्यासमोर धरला.

"चार बेचाळीस ते पाच बावीस. कुठे होतास?"

"बाई, दोन मिनिटं थांबलो ढाब्यावर. उकंडादादाच्या तोंडाले फेस येत होता. दुपट्टा वला केला, पानी घेतलं अन् निंगालो."

"दोन मिनिटं? हे बघ. नऊ पॅकेट एकाच जागेवरून. दर पाच मिनिटांनी एक."

"तुमची डबी खाली पडलती न बाई. दुपट्टा वढला काचेजवयून त्याच्यासंगं सीटखाली गेली. दवाखान्यात गाडी धुतली तवा दिसली मले, उचलून ठेवली."

डबीचं काय सांगतो मला! माणूस मेला आणि हा डबी सांगतोय. चोराच्या उलट्या बोंबा.

"सोनीबाई होती गाडीत. तिले इचारा."

"सोनीबाईला घड्याळ कळतं का?" मी म्हटलं.

त्यावर तो टायरवर पाणी ओतायला लागला. उत्तर असतं तर दिलं असतं. मी खूप बोलले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण त्यातला एकही शब्द मागे घेणार नाही.

मंगळवार, १९ सप्टेंबर

छापील कागद नानाजींना दिला. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचला, दोनदा वाचला. मग म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाई. मानूस बोलते." तासाभरात बादलला कामावरून काढलं आणि माझा कागद सोसायटीच्या फळ्यावर चिकटवला, ढाब्यावरच्या ओळींखाली लाल पेनानं रेघ मारून. हातच्या कांकणाला आरसा कशाला? ज्यांनी मला हसून घेतलं तेच आज फळ्यासमोर मान वाकवून वाचत होते.

सोनीबाई फळ्यासमोरून गेली. तिला वाचता येत नाही. कुणीतरी तिला वाचून दाखवलं, तर पदर तोंडाला लावून झपाझप निघून गेली. गाडीत होती ना, तिलाही लाज वाटत असेल.

रविवार, २४ सप्टेंबर

दादाचं पुण्यानुमोदन. बुद्धवंदना झाली, भन्तेजी बोलले. सगळे पांगायला लागले तेव्हा वहिनी उठून उभी राहिली आणि बादलचं नाव घेऊन बोलली. असं बोलली की बाया कानात बोटं घालतील. "माया मानसाले ढाब्यावर ठेवून त्यानं चहा पेला. त्याच्या मायच्या दारात बी असंच मरन येवो." कुणी तिला अडवलं नाही. मीही नाही.

ऐकते आहे की तांड्यावर किराण्याच्या दुकानात त्याच्या आईला कुणी बोलत नाही. आपल्या वस्तीतली माणसं तांड्यावरच्या कुणालाच रस्त्यात थांबून बोलत नाहीत. बरं झालं असं लिहिणार होते. लिहिलं नाही.

जीपवर नवा ड्रायव्हर अजून नाही. ह्या आठवड्यात फवारणीचे आणखी दोघे मोटरसायकलवर मध्ये बसवून नेले.

रविवार, १ ऑक्टोबर

तांड्याचे नायक पूनमसिंग स्वतः घरी आले. सत्तरीचा माणूस, पांढरा फेटा, चपला बाहेर काढून बसले. म्हणाले, "बाई, पोराचं नाव फयावर लागलं. तुमी म्हनता थो दोषी, थो म्हनते नाई. उद्या आमचा नसाब बसन. तुमी कागद घेऊन या. आमी दोन्ही बाजू ऐकतो." नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. मी म्हटलं, कागद काय, कॉम्प्युटरच घेऊन येते. मला कुणाची भीती आहे?

सोमवार, २ ऑक्टोबर

शाळेला सुटी. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, नाहीतर उद्या मी स्वतःलाच फसवीन.

सेवालाल महाराजांच्या देवळापुढच्या लिंबाखाली सतरंजी घातलेली. पंधरा-वीस माणसं, बाया एका बाजूला. बादल समोर मांडी घालून बसलेला, दाढी वाढलेली. त्याच्याशेजारी त्याची आई धनीबाई, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, गुडघ्यावर हनुवटी. मला पाणी आधी दिलं. नायक म्हणाले, "वाचा."

मी एकेक पॅकेट वाचलं. वेळ, अक्षांश, रेखांश, वेग शून्य, उंची तीनशे त्रेचाळीस मीटर. पुढचं. वेळ, अक्षांश, रेखांश, वेग शून्य, उंची तीनशे त्रेचाळीस. तिसऱ्यापासून मी आवाज चढवला. "बघा, शेवटचा आकडासुद्धा बदलत नाही. गाडी तसूभर हललेली नाही!"

धनीबाईनं मान वर केली. "एक इचारू, बाई?"

"विचारा."

"माया बापाचा बाप बैलावर मीठ घेऊन जाये. शंभर बैल. मुक्काम पडला का बैल बांधत. मी आयकलं का बांधलेला बैल बी खुट्याभवती फिरते. गाडी इंजनची व्हय, मानलं. पन तुमची थे डबी तं आभायाकडे पाहून जागा सांगते म्हनता. मंग सांगनाऱ्याचा बोल इतका एकसारखा कसा? मी रोज माया एकाच दारात बसतो. कोनी इचारलं तं रोज थोडं येगयं सांगन."

बाया हसल्या. मीही हसून, तांड्यावर आईला म्हणतात तसं याडी म्हणत तिला समजावायला तोंड उघडलं की गाडी उभी असली की आकडे…

आणि थांबले.

गाडी उभी असली की आकडे नाचतात. आठ वर्षं बघते आहे मी. माझ्या घराच्या छपरावर पक्की ठोकलेली डबीसुद्धा कधी पाच मीटर इकडे, कधी सहा मीटर तिकडे सांगते. उंची तर एकदाही लागोपाठ सारखी येत नाही. उपग्रहांचा बोल कधीच एकसारखा नसतो. एकसारखा असतो तो फक्त घोकून ठेवलेला आकडा.

लिंबाखाली सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, मला घरी जाऊन तपासावं लागेल. नायक म्हणाले, "तपासा. नसाब उठत नाई, उद्या बी बसन." बादल उठून आईला हात द्यायला लागला. त्याला ठाऊक होतं. तो पहिल्या दिवसापासून सांगत होता.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

शाळेत रजा टाकली. सोसायटीत धूळ खात पडलेल्या जीपची किल्ली मागून घेतली. डबी सीटखाली ढकलली आणि स्वतः गाडी चालवत शाळा, धरण, फाटा असं फिरून आले. घरी येऊन पाहिलं. पडद्यावर गाडी अर्धा तास सोसायटीच्या दारात उभी. वेग शून्य. उंची एकच. शेवटचा आकडासुद्धा हलला नाही.

माझी खूण. माझी चौकट. कुणी हसलं म्हणून रागाच्या भरात मारलेली खूण.

मग वहिनीकडे जाऊन दवाखान्याचा केसपेपर मागितला. तिनं कारण न विचारता पेटीतून काढून दिला. वर कोपऱ्यात डॉक्टरच्या अक्षरात, दाखल वेळ ५.२५. वीस दिवस हा कागद माझ्या घरापासून चार दारं सोडून पेटीत होता आणि मला पाहावासा वाटला नाही. बादलनं घाटासकट अडतीस किलोमीटर पासष्ट मिनिटांत कापले. दवाखान्यात किल्ली काढली म्हणून संदेश बंद झाले. घाटानं काहीही गिळलं नव्हतं.

स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटते आहे. मारून काय होणार?

गुरुवार, ५ ऑक्टोबर

मंगळवारीच तांड्यावर गेले आणि उभ्यानं सगळं सांगितलं. माफी मागायला लागले तर बादल म्हणाला, "माफी नका मांगू बाई. लावलं तसं काढा. जिथी लावलं तिथी." धनीबाई आत निघून गेली. बरोबर केलं तिनं.

काल दुसरा कागद छापला, मोठ्या अक्षरात, चूक माझी आहे असं लिहून खाली सही केली. फळ्यावर पहिला फाडून हा लावला. दुपारी नानाजींनी तो काढून टाकला. मी पुन्हा लावला. आज तोही नाही. नानाजींना विचारलं तर म्हणे, "झालं गेलं गंगेले भेटलं. कायले उकरता? दुसरा ड्रायव्हर पाह्यतो आमी." ज्या माणसानं पहिला कागद दोनदा वाचला त्यानं हा एकदाही वाचला नाही. काहून? मी पण सगळ्यांसारखंच बोलायला लागले.

आणि आता दुसरंच काही डोक्यात घोळतं आहे. डॉक्टर चाळीस मिनिटं म्हणाला नव्हता. दोन-चार तास म्हणाला होता.

शनिवार, ७ ऑक्टोबर

सकाळी सोनीबाईच्या घरी गेले. ज्वारी पाखडत होती. मी तिला पहिल्यांदा विचारलं, तीन आठवड्यांनी: "त्या दिवशी काय झालं?"

"आज इचारता?" ती म्हणाली. सूप खाली ठेवलं नाही.

दादाला दहा वाजताच डोळ्यांपुढे अंधारी आली होती. घाम, लाळ, हात थरथरत होते. बाया-माणसांनी त्याला बांधावरच्या लिंबाखाली निजवलं. अकराला सोनीबाई सोसायटीच्या फाटकावर आली. नानाजी म्हणाले, ताक पाजा, सायेब येऊन राह्यले, अर्ध्या घंट्यात गाडी देतो. दीडला पुन्हा आली. नानाजी म्हणाले, लिंबू चाटवा, उन्हानं झालं असंन. अडीचला तिसऱ्यांदा आली तेव्हा दादा कुणाला ओळखत नव्हता.

"मंग तू ओरडली काहून नाही? मी तिथेच होते ना!"

"तुमी भाकर खाऊन राह्यल्या होत्या, बाई. दुसऱ्या खेपेले मी तुमाले हात केल्ता."

मला आठवत नाही. आठवत नाही, हेच खरं.

घरी येऊन १४ तारखेची फाइल उघडली. मी ती फक्त चार बेचाळीसपासून वाचली होती. आता सकाळपासून वाचली. नऊ पाच, सोसायटीचं आवार. नऊ दहा, आवार. आकडे नाचतात, उंची तीनशे एकतीस, तीनशे चौतीस, तीनशे एकोणतीस. ही खरी उभी असलेली गाडी. अकरा, बारा, एक, दोन, तीन. सत्तर-पंचाहत्तर पॅकेटं. वावरापासून दीड किलोमीटरवर, हार घालून, टाकी भरलेली, ड्रायव्हर तयार.

दुपारी नानाजींच्या घरी गेले. माझा आवाज रस्त्यापर्यंत जात होता, जाऊ दे. ते झोपाळ्यावर बसून होते, झोपाळा थांबवला नाही.

"गाडी दीड किलोमीटरवर होती! तुम्ही ताक पाजा म्हणालात!"

"मले काय सपन पडलं होतं मरनार म्हनून? अन् गाडी हलवाची नाई असं कोन म्हनलं होतं, बाई? सांगा न. साऱ्यायच्या समोर कोन म्हनलं होतं?"

मी म्हटलं होतं.

"तुमच्या मशीनच्या पायी उभी होती गाडी. आता तुमीच बोंबलता? आन थे टाकीवरचा डबा उद्या खाली काढा. सोसायटीची टाकी हाय."

ह्या माणसाचा राग येतोच आहे, पण तो तोंडावर फेकायला जावं तर त्यातला अर्धा माझ्याच अंगावर उडतो. त्यानं फळ्यावर माझा कागद का लावला ते आता कळलं. माझ्यासारखी शहाणी त्याला आयती सापडली. सगळं गाव चाळीस मिनिटांकडे बघत राहिलं आणि सकाळ कुणी विचारलीच नाही.

रविवार, ८ ऑक्टोबर

सोनीबाईला घेऊन पंचफुलावहिनीकडे गेले. बादलचं आधी सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मंग मी त्याच्या मायले जे बोललो, थे?"

ते बोल मीच तिच्या तोंडात घातले होते.

मग सकाळचं सांगितलं. कागदांची चळत तिच्यापुढे ठेवली. तिला वाचता येतं, चौथीपर्यंत शिकली आहे, पण तिनं हात लावला नाही.

"तू वाच. सारं वाच."

"वहिनी, सगळे सारखेच आहेत. आवार, आवार…"

"सारं वाच म्हनलं न."

वाचायला लागले. नऊ पाच, गाडी आवारात. नऊ दहा, गाडी आवारात. दहापर्यंत आले तर सोनीबाई मधेच म्हणाली, "आता त्याले अंधारी आली. पंप खाली ठेवला." मी पुढचं वाचलं. दहा पाच. दहा दहा. "मी अन् गड्यायनं उचलून लिंबाखाली आनला." अकरा. "मी फाटकावर." अकरा पंचवीस. "ताक पाजलं. उलटलं." मी ओळ वाचायची आणि ती बाई, जिला घड्याळ कळतं का असं मी विचारलं होतं, तिनं त्या ओळीपाशी दादा कसा होता ते सांगायचं. एकदाही चुकली नाही. वहिनीचे डोळे कोरडे, माझ्या ओठांवर लागलेले.

एक पस्तीसला मी थांबले.

"काहून थांबली?"

"ह्या वेळी मी जेवत होते, वहिनी. गाडीपासून दहा पावलांवर. गाडी हलवू नका असं मीच सांगितलं होतं."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. आरडाओरडा करेल, हाकलून देईल, काहीतरी करेल असं वाटलं. केलं असतं तर सोपं गेलं असतं.

"वाच पुढं," ती म्हणाली.

चार वीसपर्यंत सगळं वाचलं. पाऊण तास लागला. घसा सुकला होता, पाणी मागायची हिंमत झाली नाही.

सोमवार, ९ ऑक्टोबर

सकाळी वहिनी पहिल्यांदा तांड्यावर गेली. मला येऊ नको म्हणाली. धनीबाईच्या दारात काय झालं ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. येताना बादल तिच्यासोबत होता.

चौघं एसटीनं ठाण्यात गेलो. मी, वहिनी, सोनीबाई आणि बादल. तो माझ्याशी बोलत नाही, पण सोनीबाईच्या हातातली पिशवी त्यानं घेतली. आज नानाजींच्या वावरातलं काम गेलं, असं ती वाटेत म्हणाली. दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं म्हणाली.

ठाणेदार आधी घ्यायलाच तयार नव्हते. कागद उलटेपालटे करत म्हणाले, "ह्यात गुन्हा काय दिसून राह्यला तुम्हाला? गाडी उभी होती. गाड्या उभ्या राहतातच."

"माणूस मरत असताना उभी होती," मी म्हटलं. "दहापासून साडेतीनपर्यंत, साडेपाच तास. कुणी तिला उभी ठेवली ते मला लिहून द्यायचं आहे. दोन नावं आहेत."

त्यांनी कंटाळून कोरा कागद पुढे ओढला, पेनचं टोपण काढलं. "सांगा. कोणती?"

वहिनी माझ्या अगदी बाजूला उभी होती. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. मी पहिलं नाव माझं सांगितलं.